धुऱ्यावरचा कोतवाल

(कापूस-ज्वारी पट्ट्यातील जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यातले विषय ठरलेले असतात. कापसाचा भाव, विजेचे वेळापत्रक, बँकेचे कर्ज, पीक विम्याचे पैसे. त्यावर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि आजही ते बोलणार आहेत. आम्ही मात्र अर्धा तास एका पाखराविषयी बोलणार आहोत. काही जण हसतील. घरात तेल-मिठाची पंचाईत आणि हे पाखरांच्या गोष्टी सांगायला उभे राहिले, असे म्हणतील. म्हणू द्या. शेवटी आम्ही हिशेब मांडू. तो ऐकून मग हसायचे की नाही ते ठरवा.

पाखरू तुमच्या ओळखीचे आहे. वखर घेऊन वावरात गेलात की तुमच्या आधी हजर असते. म्हशीच्या पाठीवर बसून फिरते. विजेच्या तारेवर, बाभळीच्या शेंड्यावर, पऱ्हाटीत रोवलेल्या काठीवर ताठ बसलेले असते. काळेकुळकुळीत अंग आणि कात्रीसारखी फाकलेली शेपटी. आपण त्याला कोतवाल म्हणतो. कुठे कुठे कोळसाही म्हणतात.

नाव कुणी ठेवले ठाऊक नाही, पण ठेवणारा शेतकरीच असला पाहिजे. गावात कोतवाल असतो. दवंडी त्याने द्यायची, राखण त्याने करायची, तलाठ्याचा निरोप त्याने पोचवायचा, आणि मानधन वाटताना सगळ्यात शेवटी त्याची आठवण व्हायची. वावरातल्या कोतवालाची गत याहून वाईट. गावच्या कोतवालाला थोडे का होईना मानधन आहे. याला तेही नाही. उलट आपण त्याचे घर तोडतो आणि त्याच्या ताटात विष कालवतो. हे कसे, ते पुढे सांगतो.

आधी त्याची नीट ओळख करून घेऊ. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे आपण पाहत नाही, हा माणसाचा स्वभावच आहे.

चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत कोतवाल साधारण फूटभर भरतो. त्यात निम्म्याच्या आसपास शेपटीच असते, म्हणून तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. वजन म्हणाल तर पन्नास ग्रॅमच्या आसपास. मूठभर शेंगदाण्याएवढा जीव! रंग काळा, पण कावळ्यासारखा मळका नाही. उन्हात पाहिला तर त्याच्यावर निळसर झाक मारते. शेपटीत दहा पिसे असतात. कडेची पिसे लांब, बाहेर वळलेली आणि मधली आखूड, म्हणून शेपटी दुभंगलेली दिसते. डोळा गडद तांबूस. चोचीच्या मुळाशी, जिथे तोंडाची फट संपते तिथे, बहुतेक कोतवालांना एक बारीक पांढरा ठिपका असतो. आपल्या पोरांना तीट लावतात, तशी याला देवाने पांढरी तीट लावली आहे असे समजा. नर-मादी दिसायला सारखीच. नवीन पिलाच्या पोटावर मात्र पांढुरकी नक्षी असते. ती पाहून काही जण दुसरे पाखरू समजतात.

काळे पाखरू दिसले की तो कोतवाल, असे नाही. कोकीळ नरही काळा असतो. पण त्याची चोच फिकट हिरवट, डोळा लालभडक, आणि शेपटीला फाटा नसतो. तो दाट पानांत लपतो. कोतवाल कधी लपत नाही. तो उघड्यावर, चार माणसांना दिसेल असा बसतो.

पोरांच्या इंग्रजी पुस्तकात ब्लॅकबर्ड नावाचे पाखरू भेटते. नावाचा अर्थ काळा पक्षी, म्हणून पोरांना वाटते हाच तो. तो हा नव्हे. तो युरोपातला. आपल्याकडे ज्यांना कस्तूर म्हणतात त्यांच्या कुळीतला. त्याचा नर काळा, चोच पिवळीधमक आणि डोळ्याभोवती पिवळे कडे. मादी तपकिरी. तो जमिनीवर टुणटुण उड्या मारतो, पालापाचोळा उलटून गांडुळे, किडे शोधतो, फळे खातो आणि गोड गातो. त्याचा एक भाऊबंद आपल्या सह्याद्रीत आहे. तिकडच्या शेतकऱ्याला त्याचे कौतुक असणारच. पण आपल्या कोरडवाहू वावरात, जिथे सप्टेंबरनंतर आभाळ पाणी देत नाही, तिथे आपला काळा पक्षी म्हणजे कोतवाल. पोरांना त्यांचा ब्लॅकबर्ड जरूर शिकवा. पण धुऱ्यावरचा कोतवालही ओळखू द्या.

आता त्याची दिनचर्या. आपण म्हणतो शेतकरी पहाटे उठतो. कोतवाल त्याच्याही आधी उठतो. अंधार असतानाच त्याची हाक सुरू होते. आणि सगळी पाखरे झाडावर परतल्यावरही हा दिवेलागणीपर्यंत कामावर असतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे जमले तर तिथेही हजर. आठ तासांची पाळी, शनिवार-रविवार सुट्टी हा प्रकार त्याच्याकडे नाही. आपल्याच जातीचा गडी आहे.

कामाची पद्धत ठरलेली. पाय आखूड, त्यामुळे जमिनीवर चालणे त्याला फारसे जमत नाही. त्याला बसायला उंच जागा लागते आणि समोर मोकळे रान लागते. तिथे बसून तो डोळे फिरवत राहतो. नाकतोडा उडाला, पतंग फडफडला, पानावर अळी हलली की झेप घ्यायची, चोचीत धरायचे आणि पुन्हा जागेवर येऊन बसायचे. मोठा किडा असेल तर पायाखाली दाबून तुकडे करून खातो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. बसायला जागा नसेल तर कोतवाल कामच करू शकत नाही. आमचे आजचे सगळे बोलणे या एका गोष्टीवर उभे आहे.

वखर, डवरा किंवा ट्रॅक्टर चालू झाला की मातीतले किडे वर येतात. गायबगळे आणि साळुंक्या तासामागून चालतात आणि कोतवाल वरून झेपा घेतो. जनावरे चरताना गवतातले किडे उडतात, म्हणून तो म्हशीची पाठ धरतो. कुणी धसकटे पेटवली तर धुराच्या कडेला गिरक्या मारतो, कारण जीव घेऊन पळणारे किडे तिथे आयते मिळतात. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंख फुटलेले किडे उडू लागले की त्याची दिवाळी.

तो खातो काय? नाकतोडे, टोळ, रातकिडे, भुंगेरे, वाळवी, मुंग्या, पतंग, अळ्या. पळस, पांगारा, सावर फुलली की फुलातला मधही चाखतो, आणि त्या निमित्ताने या फुलाचे पराग त्या फुलावर नेतो. क्वचित सरडा किंवा बारीकसे पाखरूही मारतो. पण दाणा? दाणा तो खात नाही. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसणाऱ्यांनी हे कान देऊन ऐकावे. चिमण्या, सुगरणी, पोपट, हिवाळ्यात थव्याने उतरणाऱ्या भोरड्या, यांच्यावर गोफण चालवा, तो तुमचा हक्क आहे. पण कणसावर बसलेल्या कोतवालावर धोंडा टाकू नका. तो कणीस खायला आलेला नाही. कणसावर काय चालते आहे ते बघायला आलेला आहे.

आता त्याचा संसार. आपल्याकडे उन्हाळा तापला की त्याची जोडी घरटे बांधायला घेते आणि पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांपर्यंत हे काम चालते. झाडाच्या आडव्या फांदीला जिथे बेचके फुटते, तिथे बारीक काड्यांची उथळ वाटी करायची आणि कोळ्याच्या जाळ्याने ती बांधून घ्यायची. खालून पाहिले तर आरपार उजेड दिसेल इतकी पातळ वाटी. पण ती भर वादळात टिकते. अंडी तीन-चार. नर-मादी दोघेही पाळीपाळीने उबवतात. दोन आठवड्यांत पिले बाहेर येतात आणि पुढे अडीच-तीन आठवड्यांत घरटे सोडतात. त्यानंतरही महिनाभर आईबाप त्यांना भरवत राहतात. हिशेब करा. ज्या दिवसांत आपली पेरणी होते, कोंब वर येतात, पऱ्हाटी धरते, त्याच दिवसांत या जोडीला तीन-चार तोंडे भरवायची असतात. किडे सगळ्यात जास्त त्याच वेळी लागतात.

आणि या दिवसांत त्याचा स्वभाव पहा. कावळा असो, घार असो, शिक्रा असो, घरट्याच्या हद्दीत कुणी आले की हा अंगावर धावून जातो. आपल्यापेक्षा दहा-बारा पट वजनाच्या घारीला पाठीवर टोचत शिवाराबाहेर घालवून येतो. म्हणूनच हळद्या, होला, बुलबुल अशी गरीब पाखरे मुद्दाम कोतवालाच्या झाडावर किंवा शेजारच्या झाडावर घरटे करतात. पोलीस चौकीला लागून दुकान टाकावे तसे. या संरक्षणाबद्दल तो कुणाकडून हप्ता घेत नाही, हा त्याच्यात आणि चौकीत फरक.

म्हणजे कोतवाल अगदी धुतल्या तांदळासारखा आहे का? नाही. खोटे कशाला बोला. तो नकला करतो. शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो. साळुंक्यांचा धोक्याचा आवाज काढून त्यांना पळवतो आणि त्यांचा घास उचलतो. मधमाश्या खातो, म्हणून मधाच्या पेट्या ठेवणाऱ्याला तो आवडत नाही. चतुरासारखे आपल्या उपयोगाचे किडेही त्याच्या पोटात जातात.

आणखी एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधी, प्रशांत महासागरातल्या रोटा नावाच्या बेटावर तैवानमधून कोतवाल नेऊन सोडले. कशासाठी? किडे खाण्यासाठी. त्याची कीर्ती तिथपर्यंत पोचली होती. पुढे १९५०च्या दशकात तो समुद्र ओलांडून शेजारच्या ग्वाम बेटावर पोचला आणि तिथे इतका वाढला की तिथल्या मूळ पाखरांना त्याचा जाच होतो की काय, अशी शंका जाणकारांनी घेतली. म्हणजे परक्या मुलखात नेऊन सोडलेला तोच गडी उपद्रवी ठरू शकतो. पण आपल्याकडे त्याला कुणी आणून सोडलेले नाही. ज्वारी-कापूस पिकवणारे आपले वाडवडील जितके इथले, तितकाच तोही इथला. त्याला आणायचे नाही, विकत घ्यायचे नाही. फक्त हाकलायचे नाही.

आता हिशेबाकडे येऊ.

हिरव्या बोंडअळीची, जिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो तिची, एक मादी पतंग शेकड्याने अंडी घालते. हजाराच्या वरही जाते. यातली बहुतेक अंडी आणि अळ्या निसर्गात तशाही मरतात, म्हणून एक पतंग खाल्ला म्हणजे हजार अळ्या वाचल्या असा फुगवलेला हिशेब आम्ही सांगणार नाही. पण संध्याकाळी पतंग उडायला लागतात तेव्हा कोतवाल अजून कामावर असतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ही अळी अर्धी बोंडात, अर्धी बाहेर राहून खाते. तेव्हा ती त्याच्या नजरेत येते.

म्हणूनच कृषी विद्यापीठे सांगतात की कपाशीत, तुरीत, हरभऱ्यात पक्षी थांबे लावा. इंग्रजी टी अक्षरासारखी, म्हणजे उभ्या काठीला वर आडवी काठी बांधलेली, पिकाच्या वर फूट-दीड फूट येईल अशी, एकरी आठ-दहा. त्याला खर्च काय? गेल्या वर्षीच्या तुराट्या, बांबूचे तुकडे, सुतळी आणि अर्धा दिवस. आपल्या म्हाताऱ्यांनी तर काठ्याही रोवल्या नाहीत. हरभऱ्याच्या बियाण्यात चार दाणे ज्वारीचे टाकायचे. ज्वारी वर आली की तोच थांबा. ज्ञान होतेच. आपण ते मागासलेले म्हणून टाकून दिले.

ज्वारीत मात्र एक पथ्य पाळा. दाणा भरू लागला की थांबे काढून घ्या. नाहीतर कोतवालाच्या खुर्चीवर दाणे खाणारे येऊन बसतील.

आता आमची गोष्ट. ही सांगायला जड जाते, पण सांगायचीच आहे, कारण चूक आमची होती.

आमच्या धुऱ्यावर तीन बाभळी आणि एक लिंब होता. एका नडीच्या वर्षी तिन्ही बाभळी विकल्या. पैसे हाती आले, दोन तास जास्तीचे पेरता येतील असेही वाटले. झाड पाडले तेव्हा फांदीच्या बेचक्यात घरटे होते. पिले होती की नाही ते आम्ही पाहिले नाही. पाहावेसे वाटले नाही असे म्हणा. त्या हंगामात कोतवालाची जोडी वावराबाहेरच्या विजेच्या तारेवर बसलेली दिसायची. आमच्या वावरात तिला बसायलाच जागा नव्हती.

पुढच्या वर्षी कुणीतरी सांगितले म्हणून थांबे लावले. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाहतो तर कोतवाल काठीवर! आम्ही सगळे धुऱ्यावर बसून त्याच्या झेपा मोजू लागलो. हाताची बोटे संपली, पायाची संपली, मग मोजणे सोडून दिले. घरातली म्हातारी म्हणाली, बाभळी तोडल्या तरी आला बिचारा, राग धरला नाही.

मग पाऊस लांबला, ढगाळ हवा आली, अळी दिसू लागली. आम्ही घाबरलो. औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक नाही, दोन औषधे दिली. दोन्ही मिसळून मारा, अळीचे नाव राहणार नाही म्हणाला. आम्ही अळ्या मोजल्या नव्हत्या, डबीवरचे वाचले नव्हते. फवारले. त्या रात्री फवारणीच्या गड्याला दरदरून घाम फुटला, उलट्या झाल्या, डोळ्यांना नीट दिसेना. तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तो वाचला, नाहीतर आज तुमच्यासमोर उभे राहायला आम्हाला तोंड नव्हते. तिसऱ्या दिवशी वावरात गेलो. दोन कोतवाल थांब्याखालीच पडलेले होते. पंख पसरलेले, चोच उघडी.

त्या दिवशी आमच्या ध्यानात आले. थांबे आम्ही लावले. म्हणजे पाखराला जेवायला आम्हीच बोलावले. आणि त्याच ताटात विष आम्हीच वाढले. बसायला जागा नसती तर ती पाखरे कदाचित जगली असती. आमच्या थांब्यांनी त्यांचा सापळा झाला.

भावांनो, हा एकट्या आमचा प्रकार नाही. अर्जेंटिनात १९९५-९६च्या हंगामात नाकतोड्यांसाठी शेतात मोनोक्रोटोफॉस फवारले. नाकतोडे खायला उत्तर अमेरिकेतून एक जातीचे ससाणे हजारो मैल उडून तिथे येतात. त्या एका हंगामात सुमारे वीस हजार ससाणे मेल्याचा अंदाज निघाला. शेतकऱ्याचे काम करायला आलेले गडी शेतकऱ्याच्याच वावरात मेले. तेच मोनोक्रोटोफॉस आपण वर्षानुवर्षे पऱ्हाटीवर मारले. आपल्याकडे २००५ साली ते भाजीपाल्यावर वापरायला मनाई झाली आणि त्याचे ३६ टक्क्यांचे द्रावण बंद करण्याचा केंद्राचा आदेश निघायला २०२३ साल उजाडले. मधल्या काळात, २०१७ साली, यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. जे विष पन्नास ग्रॅमच्या जीवाला मारते ते साठ किलोच्या जीवाला सोडून देईल, असे समजू नका. कोतवाल आधी मरतो, एवढेच. तो मरून आपल्याला दवंडी देतो. आपण ऐकत नाही.

कुणी विचारेल, मग काय सगळे पाखरावर सोडून द्यायचे? नाही. पाखराला जमत नाही ते पाखरावर ढकलू नये. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. कोतवालाची चोच तिथे पोचत नाही. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीचे नाव विसरा असे सांगितले गेले. पुढे गुलाबी अळीने बीटीला दाद देणे सोडले आणि २०१७च्या हंगामात तिने काय केले ते आपण सगळ्यांनी सोसले. तिच्यासाठी कामगंध सापळे लावायचे, डिसेंबरअखेर पीक संपवायचे, फरदड घ्यायची नाही, पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर ठेवायचे नाहीत. ते काम माणसाचेच आहे.

औषध कधीच मारू नका असेही आम्ही म्हणत नाही. उपदेश करणाऱ्याच्या घरची पऱ्हाटी जळत नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही म्हणतो, मोजून मारा. सापळ्यात सलग तीन रात्री, दर सापळ्याला आठ पतंग आले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडली आणि दोनात गुलाबी अळी निघाली, तर फवारणीची वेळ आली असे समजायचे. त्याआधी दुकानदार म्हणतो म्हणून नाही, शेजाऱ्याने मारले म्हणून नाही, आणि भीती वाटते म्हणून तर नाहीच. दुकानदाराचा हिशेब डब्यांचा असतो. आपला हिशेब बोंडांचा आहे.

तर या मेळाव्यातून घरी जाताना पाच गोष्टी ठरवून जाऊ.

पहिली. धुऱ्यावरचे एक तरी झाड राखायचे. नसेल तर लावायचे. लिंब लावला तर दुप्पट फायदा. कोतवालाला फांदी मिळते आणि आपल्याला निंबोळी मिळते. पाच किलो निंबोळीच्या चुऱ्याचा अर्क शंभर लिटर पाण्यात, हे औषध दुकानातून आणावे लागत नाही. आणि झाड तोडायचीच पाळी आली तर उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत तोडू नका. त्या दिवसांत फांदीवर कुणाचा तरी संसार असतो.

दुसरी. पेरणीनंतर पीक हातभर झाले की थांबे लावायचे. पहिले दोन महिने जहाल औषधाला हात लावायचा नाही. त्या दिवसांत कोतवाल, साळुंक्या, गायबगळे आणि मित्रकिडे यांना काम करू द्यायचे.

तिसरी. जहाल औषध मारायची वेळ आलीच, तर आदल्या दिवशी थांबे काढून घ्यायचे. पाखरू तरीही येईल, पण आपण होऊन त्याला पानावर बोलावायचे नाही. दोन औषधे मिसळायची नाहीत. तोंड बांधल्याशिवाय, हातमोजे घातल्याशिवाय आणि वारा पाहिल्याशिवाय पंप पाठीवर घ्यायचा नाही, मजुराच्या पाठीवरही द्यायचा नाही. मजुराचा जीव आपल्या जीवाहून स्वस्त नाही.

चौथी. पोरांच्या हातातली गलोल काढून घ्यायची. कायद्याने पाखरे मारणे गुन्हा आहेच, पण कायद्याच्या भीतीने नको. हा आपला गडी आहे, एवढे पोरांना समजले तरी पुरे.

पाचवी, आणि ही मायबहिणींसाठी. निंदायला, वेचायला तुम्ही सगळ्यात जास्त वेळ वावरात असता. कोतवाल किती दिसतात, कुठे बसतात, घरटे कुठे आहे, मेलेले पाखरू सापडले का, हे तुम्हाला आधी कळते. ते घरात सांगा. मेलेले पाखरू सापडले तर त्या वावरात काही दिवस वेचायला जाऊ नका, पोरांना नेऊ नका. मालकाने डोळे वटारले तर मेळाव्यात सांगा. आम्ही त्याला समजावू.

आता हिशेब. आमच्या वहीत बियाण्याचा खर्च आहे, खताचा आहे, फवारणीचा आहे, मजुरीचा आहे. उत्पादन खर्च काढायला बसलो की आपण पै-पै मांडतो, आणि मांडलीच पाहिजे. पण त्या वहीत कोतवालाच्या मजुरीचा रकाना नाही. अंधारात उठून अंधार पडेपर्यंत जो राबतो आणि काही मागत नाही, त्याचे नाव वहीत येत नाही. हे वाक्य ऐकून तुम्हाला कुणाची आठवण झाली? आपल्या घरात राबणाऱ्या बाईची झाली असेल. आपलीही झाली असेल. आपल्याही घामाचा रकाना कुणी धरत नाही, अशी आपली तक्रार आहे. ती खरी आहे. मग निदान आपण तरी तीच चूक आपल्या गड्याच्या बाबतीत करू नये.

त्या वर्षानंतर आम्ही धुऱ्यावर दोन लिंब लावले. अजून डोक्याएवढेही झालेले नाहीत. त्यांच्या शेंड्यावर कोतवाल बसला की फांदी वाकते. तरी तो येऊन बसतो. त्याचे वजन पेलायला झाडाला दोन पावसाळे लागतील. तोवर आम्ही काठ्या रोवतो.

उद्या पहाटे वावरात जाल तेव्हा पाच मिनिटे थांबा आणि पहा, तुमच्या धुऱ्यावर कोतवाल आहे का. असेल तर त्याला बसू द्या. नसेल तर तो का नाही, याचा विचार करा.

एवढे बोलून आम्ही थांबतो.